पर्चीवरचं काय ठेवायचं

सौंसरला बाजाराकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचं घर आहे. त्याच्या पुढच्या खोलीत मी गेली कित्येक वर्षं बायकांचे ब्लाऊज शिवते. नवरा पांढुर्ण्याच्या एका जिनिंगमध्ये फिटर आहे. कापसाच्या हंगामात तो सकाळच्या बसने जातो आणि दिवेलागणीला येतो. हंगाम संपला की गावातले पंप, मोटारी दुरुस्त करतो. मुलगी लग्न होऊन बैतूलकडे गेली, म्हणून घरात आम्ही दोघंच.

मला पहिली वाफ आली ती ऐन थंडीत. लग्नसराई होती. एका नवरीची आई माप द्यायला उभी होती. तिच्या खांद्यावर टेप धरला आणि माझ्या छातीच्या मधोमध काहीतरी पेटल्यासारखं झालं. ते वर चढलं, मानेत, कानांत, कपाळात. हनुवटीवरून घाम टेपवर ठिबकला. त्या बाईच्या अंगात स्वेटर होता, वरून शाल.

"काय झालं व ताई? तब्येत बरी नाही का?" तिनं विचारलं.

"चहा जास्त गरम होता," मी म्हटलं. चहा मी घेतलाच नव्हता.

त्यानंतर वाफा रोजच्या झाल्या. एका रेशमी ब्लाऊजवर घामाचा डाग पडला, ते मी स्वतःच्या खर्चाने दुसरं कापड आणून परत शिवून दिलं. झोप गेली. कारण नसताना छाती धडधडायची. नवऱ्यावर मी अशी ओरडायचे की माझाच आवाज मला अनोळखी वाटायचा. आणि त्याचं जवळ येणं नको झालं होतं, कारण दुखायचं. हे मात्र मी कुणालाच सांगितलं नाही, त्यालाही नाही. त्याला वाटलं, मी रागावले आहे.

शेवटी त्यानंच मला नागपूरला नेलं. तिथल्या डॉक्टरीण बाई चांगल्या होत्या. त्यांनी तपासलं, रक्त बघितलं, सोनोग्राफी केली आणि समजावून सांगितलं की पाळी जायच्या वयात अंगातलं एक हार्मोन कमी होतं आणि हे सगळं त्याचं आहे. "वेड लागत नाहीये तुम्हाला," त्या हसून म्हणाल्या. मला खरोखर तेच वाटत होतं, हे त्यांना कसं कळलं कुणास ठाऊक. त्यांनी पर्ची लिहिली. दंडाला लावायचं एक जेल, रात्री घ्यायची एक कॅप्सूल, कॅल्शियम, एक व्हिटॅमिन, नसांसाठी काहीतरी, दुधातून घ्यायची एक पावडर. कागदाची एक बाजू भरली. खाली मेडिकलमध्ये तेवढाच काउंटरही भरला. नवऱ्यानं पैसे दिले आणि उरलेले दोनदा मोजून खिशात टाकले.

औषधानं जे केलं ते मला अजून नीट सांगता येत नाही. बोटाच्या पेरावर मावेल एवढं ते जेल, पाण्यासारखं स्वच्छ, दंडावर चोळलं की दिसेनासं व्हायचं. काही आठवडे गेले. मग एका सकाळी मी डोळे उघडले तर ऊन उंबऱ्याच्या आत आलेलं होतं. दूधवाला येऊन गेला होता. नवरा स्वतः चहा करून, कप हातात धरून खाटेजवळ बसला होता.

"उठवलं काहून नाही?" मी घाबरून विचारलं.

"तू झोपून राहिली होती," तो म्हणाला. "मी पाहून राहिलो होतो."

मी हात-पाय हलवून बघितले. ते माझेच होते. इतक्या महिन्यांची चिडचिड, ते धडधडणं, ती भीती, सगळं एवढ्याशा थेंबानं परत पाठवलं होतं. आपला स्वभाव म्हणून आपण जे मिरवतो, ते असं बोटाच्या पेरावर मावतं, हे कळल्यावर मी बराच वेळ तशीच पडून राहिले.

पण ट्यूब संपत आली, तेव्हा जिनिंगचा हंगामही संपत आला होता. पुढच्या महिन्याची औषधं आणायची म्हणजे किती, हे मला आता माहीत होतं. मी नवऱ्याला काही बोलले नाही. जेल अर्धं लावू लागले. कॅप्सूल एक दिवसाआड. ताकदीची वाटणारी ती पावडर आणि व्हिटॅमिन मात्र अगदी नेमानं घेत होते, कारण डबा मोठा होता आणि त्यावर हसणाऱ्या बाईचं चित्र होतं.

वाफा परत आल्या. शिवाय पाळी कधीची थांबलेली असताना एक दिवस कपड्यावर रक्ताचे डाग दिसले. मी ते कापड धुऊन टाकलं आणि मशीनवर जाऊन बसले.

नवऱ्याला ट्यूब दिसली. "ही अजून संपली नाही?"

"थोडी थोडी लावते."

त्यानं ट्यूब दाबून बघितली. "अर्ध्या तेलावर आपण पंप चालवतो का? बेरिंग जाते."

"पंपाचं तेल एवढं महाग नसते," मी म्हटलं.

तो बाहेर जाऊन ओट्यावर बसला. मी पाठमोऱ्या त्याच्याकडे पाहिलं आणि ठरवलं की आता औषध बंदच करायचं. आईनं कुठं औषध घेतलं होतं? आजीनं कुठं घेतलं होतं?

उन्हाळ्याच्या तोंडावर रामाकोन्याच्या एक मॅडम दुकानात आल्या. सौंसरच्या शाळेत शिकवून त्या नुकत्याच रिटायर झाल्या होत्या. बुद्धपौर्णिमेला नेसायच्या पांढऱ्या साडीवरचं ब्लाऊज त्या दरवर्षी माझ्याकडूनच शिवून घेत. मी माप घेत असताना मला वाफ आली. मी तोंड फिरवलं, पदर कपाळाला लावला.

"ताई, गरम वाफा येऊन राहिल्या का तुम्हाले?" त्यांनी सरळ विचारलं.

इतकी वर्षं या बाई माझ्यासमोर हात वर करून उभ्या राहिल्या होत्या, पण आमच्यात असं बोलणं कधी झालं नव्हतं. मी टेप खाली ठेवला आणि सगळं सांगितलं. नागपूर, जेल, झोप, खर्च, अर्धी मात्रा, मग बंद. डागांचंही सांगितलं.

"मलेही झालं होतं," त्या म्हणाल्या. "फळ्याकडे तोंड करून उभी राहायची मी, पोरांना दिसू नये म्हणून. दोन-तीन वर्षं औषध घेतलं, मग डॉक्टरनं हळूहळू बंद केलं." मग त्यांनी विचारलं, "परवडत नाही म्हणून डॉक्टरले सांगितलं का तुम्ही?"

"नाही."

"मग त्यायले कसं समजंन?"

पैशाचं डॉक्टरला सांगायचं असतं, हे माझ्या मनातच आलं नव्हतं. मी तर ज्यांनी खर्च लिहून दिला त्यांनाच सोडून, माझ्या अंगाशी घासाघीस करत बसले होते.

पांढुर्ण्याच्या सरकारी दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीण बाई बसत. मॅडम मला तिथं घेऊन गेल्या. सौंसरहून बस, मग चालत. "पर्ची घ्या, उरलेली औषधं सगळी घ्या, रिपोर्ट घ्या," असं त्यांनी आधीच बजावलं होतं. रांगेत त्या माझ्या मागे उभ्या होत्या, पण आत गेल्यावर माझ्यासाठी बोलल्या नाहीत. मलाच बोलावं लागलं.

"मॅडम, औषधानं बरं वाटते. पण मले परवडत नाही."

हे वाक्य तोंडातून निघालं आणि कान तापले, यावेळी वाफेनं नव्हे. डॉक्टरीण बाईंनी पेन खाली ठेवलं. "बरं झालं बोललात," त्या म्हणाल्या. "काय काय कमी केलं होतं?"

मी सांगितलं. कॅप्सूल एक दिवसाआड म्हटल्याबरोबर त्या पुढे झुकल्या. "हे नव्हतं करायचं. जेलच्या औषधानं गर्भपिशवीचं आतलं अस्तर वाढतं. रात्रीची कॅप्सूल ते वाढणं आवरते. एक ठेवून दुसरं कमी केलं तर अंगावर जाणारच. आणि पाळी गेल्यावर रक्त दिसलं, तर तपासल्याशिवाय सोडायचं नाही."

अस्तर. हा शब्द मी दिवसातून कितीदा तरी बोलते. माझ्या पोटातही एक अस्तर आहे, आणि ते कुणीतरी नीट बेतून ठेवावं लागतं, हे मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं. निदान मला समजेल अशा शब्दात नाही.

सोनोग्राफी परत झाली. ती ठीक निघेपर्यंतचे दिवस मी मशीनवर बसले खरी, पण शिवलेलं सगळं उसवावं लागलं. दुसऱ्या खेपेला डॉक्टरीण बाईंनी माझी औषधांची थैली टेबलावर रिकामी करायला लावली. पायात रक्ताची गाठ झाली होती का, छातीत गाठ, घरात कुणाला कॅन्सर, सगळं विचारलं, ब्लडप्रेशर बघितलं. मग एकेक वस्तू उचलत गेल्या. "ही पावडर सोडा. हे व्हिटॅमिन तुमच्या रिपोर्टात कमी नाही, सोडा. नसांचं सोडा. कॅल्शियम इथंच खिडकीवर मिळेल, त्याचे पैसे नाहीत." टेबलाच्या एका कडेला डबेच डबे जमले. माझ्या बाजूला दोनच वस्तू उरल्या. "कामाच्या या दोन. या सोडायच्या नाहीत." जेलऐवजी त्याच औषधाची गोळी माझ्यासाठी चालेल असं त्या म्हणाल्या आणि नव्या पर्चीवर कंपनीचं नव्हे, औषधाचं नाव लिहिलं. स्वस्त जेनेरिक औषधांच्या दुकानात ते दाखवायला सांगितलं.

त्या दुकानात पहिल्या दिवशी ते मिळालं नाही. "याले मागणी नाही ना, ठेवत नाही मी," दुकानदार म्हणाला. "मागवून देतो." आठवड्याभरानं आलं. नागपूरला एका खेपेला जेवढे गेले होते तेवढ्यात आता कितीतरी महिने निघणार होते. मी पाकीट दोन्ही हातांनी धरलं. मॅडम म्हणाल्या, "अवं, पाकीट आहे ते, लेकरू नाही."

परत आल्यावर मी एक केलं. लपवायचं सोडलं. नवं औषध लागू पडायला काही आठवडे लागले; तोवर वाफ आली की पदर न लावता म्हणायची, "जरा थांबा, वाफ येऊन राहिली." आणि एका दुपारी जे झालं ते मला अजून आठवतं. दुकानात चार बायका होत्या. त्यातली एक जामसांवलीला देवळाबाहेर नारळ-प्रसाद विकणारी. मी तसं म्हटल्यावर तीच आधी बोलली, "मलेही हेच झालं होतं व. दोन वर्षं मी लोकांना सांगे, गर्दीनं उकडते." दुसरी म्हणाली, तिला अजून होतं. तिसरी संत्र्याच्या बगिच्यात कामाला जायची. ती म्हणाली, बांधावर बसून ती डोक्यावर पाणी ओतून घ्यायची आणि बाकीच्या तिला हसायच्या. चौथी आधी रडली, आणि मग आमच्याबरोबर हसायला लागली.

मी त्यांच्याकडे बघत होते आणि डोक्यात एकेक गोष्ट जुळत होती. या प्रसादवालीनं मधेच एका वर्षी गळा मोठा करायला लावला होता आणि मी मनात म्हटलं होतं, या वयात हौस बघा. दुसरीनं टेरिकॉटचं अस्तर काढून मलमलचं लावायला लावलं होतं. बगिच्यावालीनं सगळ्या बाह्या उसवून सैल करून घेतल्या होत्या. मॅडमनी गडद रंग सोडले होते, घामाचे डाग दिसतात म्हणून. या सगळ्या माझ्या हाताखालून गेल्या होत्या. प्रत्येकीचा दंड, छाती, पाठ मला पाठ होती. एवढी मोठी गोष्ट माझ्या दारातून रोज आत येत होती, समोर उभी राहत होती, माप देऊन जात होती. मॅडम सोडल्या तर कुणी औषध घेतलं नाही, कुणी एक दिवस काम बुडवलं नाही. एवढी आग अंगात घेऊन यांनी पोरं वाढवली, कापूस वेचला, शाळेत शिकवलं. मशीनवरचा पाय थांबला माझा. देवळात गेल्यावर आपोआप हात जोडले जातात, तसं झालं होतं.

त्यातल्या दोघी पुढे मॅडमबरोबर पांढुर्ण्याला गेल्या. एकीला डॉक्टरीण बाईंनी औषध दिलं. दुसरीला ते चालण्यासारखं नव्हतं, तिला वेगळं काही सांगितलं. नवा हंगाम सुरू झाल्यावर माझा नवरा जिनिंगमधून येताना माझी आणि त्या पहिलीची औषधं आणू लागला, दोघींच्या पर्च्या दाखवून. हा माणूस पूर्वी माझ्यासाठी पॅड आणायचं म्हटलं तर बाहेरच घुटमळायचा. एकदा मी त्याच्याबरोबर गेले होते. दुकानात बरीच गिऱ्हाईकं होती. तो सरळ काउंटरवर हात ठेवून मोठ्यानं म्हणाला, "पाळी जाण्याच्या त्या दोन दवाया. दोन बायांच्या." बाजूची माणसं वळून बघायला लागली. तो पर्च्या उलगडून उभा राहिला, पंपाच्या स्पेअरपार्टला उभा राहतो तसाच. दुकानदार म्हणाला, "आता ठेवतो मी. बाकीचेही विचारून राहिले."

मागच्या खेपेला डॉक्टरीण बाईंनी गोळी थोडी कमी ताकदीची केली. "कधीपर्यंत घ्यायचं?" मी विचारलं. "दरवर्षी बघू," त्या म्हणाल्या. "बंद करायचं वाटलं तर आधी मला सांगायचं, स्वतः नाही करायचं." मी हो म्हटलं. बाहेर बाकावर मॅडम बसल्या होत्या, त्यांना डोळे दाखवायचे होते. आम्ही दोघी डोळ्यांच्या रांगेत जाऊन उभ्या राहिलो.