सेफ्टी डिपार्टमेंट नावाची पेटी

पत्र पोचलं म्हणजे ते कुणीतरी वाचलं, असं तुम्ही अजूनही धरून चालता का?

मी धरून चालायचे. मग तळोज्याच्या एका केमिकल कंपनीत त्या दुपारी मॉडेमची किरकिर थांबली, स्क्रीनवर मेल उतरायला लागल्या आणि त्यातल्या एका मेलवर माझा हात माउसवरच राहिला. मेल इंग्रजीत होती. एकच ओळ. "डॉक्टर विचारत आहेत, हे अ‍ॅसिड आहे की अल्कली? कृपया उत्तर द्या."

मेल सेफ्टी डिपार्टमेंटच्या पत्त्यावर आली होती. त्या कंपनीत सेफ्टी डिपार्टमेंट नव्हतंच.

मी नेरूळच्या एका छोट्या कॉम्प्युटर फर्ममध्ये काम करते. कंपन्यांना इंटरनेट जोडून द्यायचं, ई-मेल चालू करून द्यायची, प्रिंटर अडला की धावायचं. या कंपनीत मी पहिल्यांदा गेले ती थोड्याच दिवसांपूर्वी. कापडावर रंग पक्का बसावा म्हणून लागणारं रसायन इथे बनतं आणि ड्रममधून मोंबासाच्या एका कापड गिरणीला जातं. मालक सामंत साहेब. त्यांनी टेबलावर गुळगुळीत कागदाचं ब्रोशर आपटलं.

"मॅडम, यावर सहा पत्ते छापलेत. एक्स्पोर्ट, क्वालिटी, सेफ्टी, सगळे. मोंबासावाल्याने क्वालिटीला मेल टाकली, तर ती परत गेली त्याच्याकडे. इज्जतीचा फालुदा!"

"क्वालिटीला कोण बघतं?"

"मी."

"एक्स्पोर्ट?"

"मीच."

"आणि सेफ्टी?"

"ते छापायला लागतं हो. बायर विचारतो."

ऑफिस सांभाळणारे पेडणेकर कोपऱ्यातून म्हणाले, "आमचे साहेब म्हणजे दशानन, मॅडम. खुर्ची मात्र एकच."

साहेबही हसले. मीही हसले.

आता हे थोडं समजून घ्या. कंपनीचं इंटरनेटवर स्वतःच्या नावाचं घर असतं, त्याला डोमेन म्हणतात. त्या डोमेनवर नसलेल्या माणसाच्या नावाने मेल पाठवली, तर ती पाठवणाऱ्याकडे परत जाते, 'असं इथे कुणी नाही' अशा निरोपासकट. आम्ही त्याला बाउन्स म्हणतो. बाउन्स नको असेल तर कॅचऑल लावायचं. म्हणजे सोसायटीच्या वॉचमनला सांगून ठेवायचं, पत्रावर कुठलंही नाव असू दे, ते परत पाठवू नकोस, घे आणि या एका पेटीत टाक. क्वालिटी, सेफ्टी, काय वाटेल ते लिहा. मेल त्याच पेटीत.

मी कॅचऑल लावून दिलं. निघताना सांगितलं, "साहेब, ही पेटी रोज कुणीतरी उघडायला हवी."

"पेडणेकर बघतील," साहेब म्हणाले. पेडणेकरांनी मान डोलावली.

दुसऱ्या खेपेला मी गेले ती प्रिंटर बिघडला म्हणून. पेडणेकर खुशीत होते.

"ताई, तुमचं ते कॅचऑल एकदम मस्त चाललंय हां. एकही मेल परत गेलेली नाही."

"वा. आल्या किती?"

"ते कसं कळणार? साहेब लाइन जोडू देत नाहीत. लाइन एकच ना आपली. मॉडेम लावलं की फोन बंद, फॅक्स बंद. पण पकडतंय ना ते आपोआप? मग टेन्शन कसलं?"

 मी प्रिंटर सोडला आणि मॉडेम लावलं.

पेटीत जाहिराती होत्या, एक-दोन चौकशा होत्या. आणि सेफ्टीच्या नावाने तीन मेल. तिन्ही मोंबासाहून. पहिली काल सकाळची. मिक्सिंगमधल्या एका कामगाराच्या चेहऱ्यावर तुमच्या ड्रममधलं रसायन उडालं आहे, दोन्ही डोळ्यांत गेलं आहे. ड्रमच्या लेबलवर फक्त ब्रँडचं नाव आहे. आत काय आहे ते कळवा. लेबलवरचा फोन लागत नाही.

लागणार कसा? आमच्याकडे टेलिफोन एक्स्चेंजने नंबर बदलले, लेबल जुनंच राहिलं. त्याच लेबलवर ठळक अक्षरांत लिहिलेलं होतं, इमर्जन्सीमध्ये सेफ्टी डिपार्टमेंटला मेल करा.

दुसरी मेल काल संध्याकाळची. ती मला तोंडपाठ झाली आहे. "आमची सकाळची मेल परत आलेली नाही. म्हणजे ती तुम्हाला मिळाली आहे. आम्ही उत्तराची वाट पाहत आहोत."

तिसरी मेल थोड्या वेळापूर्वीची. ती मी वर सांगितली.

 मेल परत गेली असती तर त्या माणसांनी कालच दुसरीकडे विचारलं असतं. एखाद्या हॉस्पिटलला, दुसऱ्या कारखान्याला, कुणालाही. ती परत गेली नाही म्हणून ते वाट बघत बसले. भली माणसं. त्यांना वाटलं, पत्त्यामागे माणूस आहे.

मी साहेबांच्या केबिनमध्ये गेले. त्यांनी मेल वाचल्या, चष्मा काढला.

"फॉर्म्युला मागतायत."

"फॉर्म्युला नाही साहेब, एक शब्द मागतायत. अ‍ॅसिड की अल्कली."

"आज एक शब्द, उद्या दुसरा. परवा तिथेच बनवायला लागतील. आणि लेखी दिलेलं कोर्टात उभं राहतं, कळतं का तुम्हाला?"

"माणूस आंधळा होतोय तिकडे!"

"मॅडम, तुम्ही प्रिंटर बघायला आलात."

पेडणेकरांनी तोवर लॅबमधून भोईरबाईंना बोलावून आणलं होतं. त्या इथल्या केमिस्ट, राहायला शिरवण्याला. त्यांनी दारातूनच विचारलं, "डोल्यात गेलंय? अगो बाय! कॉस्टिक सोडा हाय त्यात, साहेब, म्हंजे अल्कली. चिक्कार. अ‍ॅसिड वरवर भाजतं, हे आत आत जातं. एकदा धुऊन पट्टी बांधली आसंल तर गेलाच तो डोला. त्यांना कलवा ना कोनीतरी!"

साहेब चष्मा पुसायला लागले. "विचार करून कळवू. आज नको."

लहानपणी आमच्या घरात कामगार चळवळीची पत्रकं छापली जायची. जुलूम कसा ओळखायचा हे मी त्या पत्रकांत वाचलं होतं. पण तो इतका शांत असतो, चष्मा पुसत बसतो, हे एकाही पत्रकात नव्हतं.

"ठीक आहे," मी म्हटलं. "मी कॅचऑल बंद करते. आत्ताच."

"म्हणजे काय होईल?"

"ते पुन्हा मेल पाठवतील आणि ती परत जाईल. 'असं इथे कुणी नाही.' तेवढं तरी त्यांना खरं कळेल. मग ते दुसरीकडे जातील."

"आणि ब्रोशरवरचे बाकीचे पत्ते?"

"तेही परत जातील. पेटी एकच आहे, साहेब. सगळ्या बायरना कळेल."

साहेबांनी ब्रोशर उचललं, खाली ठेवलं. जराशाने म्हणाले, "भोईर, लिहा. अल्कली आहे, एवढंच."

माणसाच्या डोळ्यांसाठी जे जमत नव्हतं, ते ब्रोशरसाठी दोन मिनिटांत जमलं. हे मी स्वतःच्या कानांनी ऐकलं. अजूनही मला त्याचा धक्का बसतो.

भोईरबाई की-बोर्डसमोर बसल्या. एवढंच लिहिलं नाही त्यांनी. काय घातलंय, किती कडक आहे, डोळे पाण्याने किती वेळ धुवायचे, सगळं लिहिलं. शेवटी थांबल्या.

"खाली काय लिवू, ताई? सेफ्टी डिपार्टमेंट?"

"तुमचं नाव लिहा."

"नाव कशाला?" साहेब मागून म्हणाले.

"डाक्टरला परत विचारायचं झालं तर कोनाला विचारील, साहेब? भिंतीला?"

त्यांनी स्वतःचं नाव लिहिलं आणि खाली शिरवण्यातल्या वाण्याचा फोन नंबर. ऑफिसच्या लाइनवर त्यांचा भरवसा नव्हता. मेल गेली.

संध्याकाळी त्या वाण्याकडे आफ्रिकेतून फोन आला. वाण्याला वाटलं कुणीतरी मस्करी करतंय, त्याने आधी ठेवूनच दिला. पुन्हा वाजला तेव्हा त्याने भोईरबाईंना बोलवायला पोर पळवलं. बटाट्याच्या गोणीला टेकून, गिऱ्हाइकांच्या गर्दीत, भोईरबाई मोंबासाच्या डॉक्टरांशी इंग्रजीत बोलल्या. डॉक्टरांनी पट्ट्या काढून पुन्हा डोळे धुवायला घेतले होते.

त्या कामगाराचा एक डोळा वाचला. दुसऱ्याने त्याला उजेड-अंधार कळतो, त्यापलीकडे काही दिसत नाही. एक दिवस आधी कळलं असतं तर काय झालं असतं, हे मी भोईरबाईंना विचारलं. त्यांनी नव्या लेबलचा कागद माझ्यापुढे सरकवला.

लेबलवर आता नवा नंबर आहे आणि भोईरबाईंचं नाव आहे. आमच्या फर्मला तिथून पुन्हा बोलावणं आलं नाही. मी अजूनही कॅचऑल लावून देते. पण आधी विचारते, पेटी कोण उघडणार? नाव सांगा. पदाचं नको, माणसाचं. नाव मिळालं नाही तर लावत नाही. मेल परत जाऊ दे. परत आलेली मेल निदान खोटं बोलत नाही.

तुमच्याकडे एक मागणं आहे. तुम्ही जिथे नोकरी करता, तिथे मालावर, पाटीवर, बिलावर मदतीसाठी म्हणून जो पत्ता छापला आहे, त्यावर उद्या बाहेरून एक मेल पाठवा. नेरूळ-वाशीत सायबर कॅफे झालेत आता, तिथून पाठवा. एवढंच लिहा, 'हे वाचणाऱ्याने आपलं नाव कळवावं.' दिवसभर थांबा. नाव आलं नाही तर साहेबांच्या टेबलासमोर उभे राहा आणि तो पत्ता पुसला जाईपर्यंत हलू नका.