डाव्या चाकाचे तीन पाने

चाकाचे नट सोडवायचे पाने निवडण्यात मी जेवढं डोकं लढवलं तेवढं वकिलीत लढवलं असतं, तर अलिबागच्या कोर्टात पक्षकार माझी वाट बघत ताटकळले असते. तीन आठवड्यांत तीन पाने हाताळले. नट पाच होते, पण हट्ट पाचांचा मिळून एकच.

गाडी जुनी, अमेरिकन, मुंबईच्या कुणी व्यापाऱ्याने वापरून वापरून विटून विकलेली. मी ती हौसेपायी घेतली असं चौलभर म्हणत, पण घेतली होती अण्णांसाठी. अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. जन्म ज्या वाडीत गेला तिथल्या पोफळी त्यांना हाताने चाचपाव्या लागत. मुंबईहून डोळ्यांचे डॉक्टर महिन्यातून एका सोमवारी लाँचने येऊन अलिबागला ऑपरेशनं करत. त्यांनी बजावलं होतं, की घरी परत नेताना डोक्याला हिसका बसता कामा नये. एस.टी. नको, बैलगाडी तर नकोच. दोन वर्षं नाही नाही म्हणणारे अण्णा दारात गाडी आल्यावर "बरं, जाऊ" म्हणाले. मे महिन्याचा सोमवार ठरला. तो चुकला की पावसाळ्यात लाँच बंद आणि डॉक्टरही बंद, ते थेट नारळी पौर्णिमेनंतर.

त्या सोमवारच्या तीन आठवडे आधी मागच्या डाव्या चाकातली हवा गेली.

स्टेपनी होती. उजवं चाक मी पूर्वी एकदा बदललं होतं, गाडीबरोबर मिळालेल्या हातभर पान्याने, आणि आठवडाभर स्वतःवर खूश होतो. तोच पाना डाव्या चाकाला लावला. नट ढिम्म हलेना. खाऱ्या वाऱ्याने गंजले असतील म्हणून खोबरेल सोडलं, घासलेट सोडलं, शेवटी शिव्या सोडल्या. मग रेवदंड्याहून बोटींची इंजिनं दुरुस्त करणारा कोळी मिस्त्री बोलावला. त्याने माझा पाना तळहातावर तोलून पाहिला आणि म्हणाला, "वकीलसाहेब, ह्यो पाना न्हाय, ह्यो चमचा हाय. याच्यानं आमटी ढवला."

मला ते लागलं. दुसऱ्याच दिवशी अलिबागहून चार तोंडांचा चौफुली पाना आणला. मिस्त्रीने त्या पान्याच्या एका दांड्यावर पाण्याचा लोखंडी पाइप अडकवला, पाइपवर आम्ही दोघे चढलो आणि अक्षरशः नाचलो. गाडी हलली, नट हलला नाही.

ओट्यावर बसून अण्णा हे सगळं ऐकत होते. ते म्हणाले, "अरे, हे डावं चाक ना? उलटं फिरवून बघ."

"उलटं म्हणजे आवळायचं, अण्णा."

"आपल्या रहाटाचं चाक ज्या अंगाने फिरतं, त्याच अंगाने दोर आवळत जाईल अशी गाठ मारतो आपण. नाहीतर चार फेऱ्यांत सुटेल. गाडीचं उजवं चाक एका अंगाने फिरताना दिसतं, तर डावं दुसऱ्या अंगाने दिसणार. मग नटांचे आटेही उलटे असतील."

मला घाम आला होता, हाताची सालटी निघाली होती, आणि मिस्त्री गालात हसत होता. मी ओरडलो, "तुम्हाला दिसत नाही काही, कशाला मध्ये बोलता? रहाट काय आणि मोटार काय!"

अण्णा गप्प झाले. ते गप्प झाले याचं मला त्या क्षणी बरंच वाटलं, हे आज लिहितानाही लाज वाटते.

तिसऱ्या पान्यासाठी मी कोर्टाची तारीख मागून घेऊन मुंबईला गेलो. दुकानदाराने तान्ह्या पोराएवढ्या वजनाचा एक पाना माझ्यापुढे आदळला. शेपटाला हातोड्याने ठोकायचा, म्हणजे दणक्यासरशी नट सुटतो. "शेठ, आ तो स्टीमरनो पानो छे," तो म्हणाला. "बोल्ट तूटे, पानो नई तूटे." तो पाना लाँचच्या धक्क्यापासून खांद्यावरून वाहताना माझ्या पाठीचा कणा बोलू लागला होता, पण मला वाटत होतं, आता नटाची काही धडगत नाही.

रविवारी सकाळी मिस्त्रीने हातोडा उचलला. तिसऱ्या दणक्याला बोल्ट तुटला. दुकानदार शब्दाला जागला.

"मी येत नाही आता," अण्णा ओट्यावरून म्हणाले. मी भाड्याची मोटार बघतो म्हटलं, हातापाया पडलो. "राहू दे. दिसत नाही त्याची सवय झालीय," एवढंच म्हणाले. सोमवार आला तसा गेला.

बुधवारी दुपारी घर झोपलेलं असताना मी एकटाच चाकापाशी बसलो. मिस्त्रीने हिणवलेला तो चमचा उरलेल्या चारांपैकी एका नटाला लावला, मागे पाइप अडकवला आणि उलटा दाबला. कर्र असा आवाज झाला आणि नट फिरला. मग दुसरा, तिसरा, चौथा. तीन आठवडे आम्ही दोन धट्टेकट्टे बाप्ये नट आवळत होतो. मी तिथेच धुळीत बसून कपाळ बडवून घेतलं.

आणि संध्याकाळी घरात काय सांगितलं? मुंबईच्या पान्याने काम झालं. अण्णा "हं" म्हणाले.

पुढचे चार महिने ते भिंतीला हात लावत न्हाणीकडे जात आणि मी दुसरीकडे बघत असे. ताटातला माशाचा काटा त्यांना दिसत नसे, म्हणून माझी बायको आधी वेचून देई. त्या प्रत्येक काट्याला मी कारण होतो.

नारळी पौर्णिमेनंतर डॉक्टर आले. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, मी गाडी बैलाच्या चालीने घरी आणली, आणि काही आठवड्यांनी अण्णांना जाड भिंगाचा चष्मा मिळाला. चष्मा लावून ते आधी वाडीत जातील असं आम्हाला वाटलं होतं. ते गाडीकडे गेले, मागच्या डाव्या चाकापाशी उकिडवे बसले आणि हात पुढे करून म्हणाले, "पाना दे."

मी मुंबईचा तो धोंडा उचलून आणला.

"तो नको, तो छोटा दे," अण्णा म्हणाले. "त्या बुधवारी हातोड्याचा आवाज आलाच नव्हता."