इतवारीतली न उठणारी पंगत

बाबा नागपूरला यायला तयार झाले, ही बातमी त्यांनी पिशवी भरायच्या आधीच गावभर झाली होती. कारण जायचं होतं माझ्या धाकट्या भावाच्या, वामनच्या भोजनालयात, आणि ते सुरू झाल्यापासून बाबांनी तिथे पाऊल ठेवलं नव्हतं.

आमच्या घरात अन्न विकत नाहीत. गावच्या यात्रेला आलेल्या परक्या माणसाला ओसरीवर बसवून पोटभर वाढायचं, ही आजोबांपासूनची रीत. वामन नागपूरच्या इतवारी बाजारात कापडाच्या दुकानात कामाला होता. ते दुकान बंद पडलं, तेव्हा त्याने कोणाला न विचारता तिथेच एका गल्लीत चार बाकं टाकून खाणावळ काढली. बाबा भांडले नाहीत. "अन्न विकून राहिला तो," एवढंच म्हणाले. त्यानंतर वामन सणावाराला घरी येई, बाबा त्याच्याशी पिकाचं बोलत, पोरींच्या शाळेचं बोलत, पण खाणावळीचं कधी नाव घेत नसत.

यंदा वामनला शेजारचा मोठा गाळा मिळाला. पाडव्याला तिथे चूल पेटवायचं ठरलं. तेवढ्यासाठी तो गावी आला आणि बाबांच्या पायाशी बसला. "पहिल्या बारीले तुम्हाले विचारलं नाही. आता तुम्ही एक डाव माझ्याकडं जेवल्याशिवाय नव्या जागेत चूल पेटत नाही," म्हणाला.

बाबांनी हातातली सुपारी कातरून संपवली. मग म्हणाले, "पाहाले येतो. जेवीन असं म्हणत नाही."

आमच्या काटोलहून नागपूर एसटीने दोन तासांचं. सकाळची पहिली गाडी धरावी आणि बसावं उजवीकडे, म्हणजे तोंडावर ऊन येत नाही. मृग बहर उतरून झाला होता, तरी कुठे कुठे बागेच्या धुऱ्यावर, बांधावर, संत्र्यांचे ढीग राहिलेले होते आणि गाडीतसुद्धा तोच वास होता. आमच्याकडे पाहुण्याला पाण्याआधी संत्रं देतात, हे मी शेजारी बसलेल्या खानदेशातल्या गृहस्थांना जरा छाती फुगवूनच सांगितलं. त्यांनी केळीचं सांगितलं. बाबांनी दोघांचंही ऐकून घेतलं आणि डोळे मिटून जप सुरू केला.

स्टँडवर उतरलात की पोहे खाल्ल्याशिवाय पुढे जाऊ नका. नागपूरचे पोहे म्हणजे बशीतल्या पोह्यांवर हरभऱ्याची लालभडक तर्री, वर कांदा, बाजूला लिंबाची फोड. रुपयाभरात जीभ आणि कान दोन्ही जागे होतात. मी तसा देवळात रमणारा माणूस, पण तर्रीपुढे माझं काही चालत नाही. बाबा माझ्याकडे पाठ करून घरच्या दशम्या खात होते. बाहेरचं खाणं म्हणजे त्यांच्या लेखी नाइलाज. मला मात्र वाटतं, परक्या गावात कोणीतरी आपल्यासाठी पहाटे उठून कढई तापवतं, यातही देवाची सोय असावी.

वामन प्रताप नगरला राहतो. शहर बसने जाता येतं, सामान असेल तर सायकलरिक्षा बरी. नागपुरात आता टीव्ही आला आहे आणि वामनच्या घरी संध्याकाळी अर्धी गल्ली गोळा होते. आम्ही ताटं घेऊन बसलो आणि पडद्यावर एक बाई तंबोरा लावून अभंग गाऊ लागल्या. गळा असा, की माझा हात ताटातच थांबला. बाबांनी मात्र सगळ्यांचेच थांबवले. "कोणी देवाचं गाऊन राहिलं आन् आपण चावून राहिलो? ठेवा ताटं बाजूले."

वामनची थोरली पोर भुकेली होती. "आबा, ती काही आपल्याकडं पाहून नाही राहिली."

"आपण तं तिच्याकडं पाहून राहिलो ना."

ताटं बाजूला गेली. अभंग संपला, दुसरा सुरू झाला, वरणावर साय धरली. नंतर कांद्यावरच्या किडीचा कार्यक्रम लागला आणि त्यात जेवायची परवानगी मिळाली. शेजारच्या एक बाई म्हणाल्या की त्यांनी आजवर इतक्या निवांतपणे गाणं ऐकलं नव्हतं. माझंही तेच झालं. रेडिओवर, टीव्हीवर गाणं फुकट मिळायला लागल्यापासून आपण ते तोंडी लावायला घेतो.

दुसऱ्या दिवशी टेकडीच्या गणपतीचं दर्शन घेऊन आम्ही इतवारीत गेलो. तिथे रिक्षा आत नेण्याच्या फंदात पडू नये. हातगाड्या, टेम्पो आणि डोक्यावर पोती घेतलेले हमाल यांच्यात चालणारा माणूसच आधी पोचतो. भांड्यांच्या गल्लीतून चाललं की कान भरतात, मिरचीच्या गल्लीतून चाललं की डोळे. प्रत्येक चहावाल्याचा रेडिओ वेगळं गाणं म्हणत असतो. त्यात वामनचं भोजनालय लवकर दिसत नाही, पण वांग्याच्या भाजीचा वास आला की समजावं.

बाबा दाराजवळच्या बाकावर बसले, नुसतेच पाहत. दुपारची वेळ होती. व्यापारी, हमाल, लग्नाच्या खरेदीला आलेली खेड्यातली माणसं, सगळी एकाच लांब टेबलाला. गल्ल्यावर वामनची बायको निर्मला, आणि वाढायला खुद्द वामन, हातात भाकरीची टोपली. एक हमाल चौथी भाकर घेऊ की नको करत होता. वामनने ती त्याच्या ताटात टाकली आणि म्हणाला, "खाऊन घे गा, पोती काय नुसत्या कढीवर उचलशील?"

बाबांनी मला हळूच विचारलं की भाताचे वेगळे पैसे घेतो का हा. मी म्हणालो, एकदा बसला की पोट भरेपर्यंत. ते पुन्हा टेबलाकडे पाहू लागले. थोड्या वेळाने उठले, हात धुतले आणि त्या हमालाच्या शेजारी रिकाम्या जागेवर जाऊन बसले.

वामन टोपली घेऊन तसाच त्यांच्याकडे वळला. त्याने वाढलं: ज्वारीची भाकर, वांगं, पातळ भाजी, आणि डाळीचे वडे कुस्करलेला वडाभात, वर कडकडीत तेल. बाबांनी हात जोडले आणि जेवले. ताट पुसून जेवले. मी मनात देवाचे आभार मानले आणि निघायला बाकावरून उठलो.

बाबा उठले नाहीत.

आधी वाटलं, थकले असतील. शेजारचा हमाल गेला, त्याच्या जागी दुसरा आला, तो जेवून गेला, तिसरा बसला. बाबा तसेच, रिकाम्या ताटापुढे, उष्टा हात मांडीवर धरून. हात वाळला. दाराशी गर्दी वाढत होती. वामनचं तोंड उतरलं. तो माझ्या कानाशी म्हणाला, "दादा, काही चुकलं काय गा माझं? तू विचार ना."

मी जाऊन विचारलं. बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी लहानपणी शिकवलेलं सगळं विसरलो होतो. "पंगत जेवून राहिली ना. उठू कसा?"

पंगतीतून एकट्याने उठायचं नाही, शेवटच्या माणसाचं होईपर्यंत थांबायचं. आमच्या ओसरीवर हा नियम लेकराबाळांनाही ठाऊक. पण ओसरीवरची पंगत संपते. वामनच्या बाकावर एक उठतो तोवर दुसरा बसतो. ही पंगत सकाळी बसते आणि रात्री दिवे मालवताना उठते. त्यांना समजावून सांगणं सोपं होतं. बाबा, हे हॉटेल आहे, असं म्हटलं की झालं. पण ते मी म्हणालो असतो, तर त्यांनी जेवल्याचाच पश्चात्ताप केला असता.

मी वामनला सांगितलं. तो दारात गेला आणि उंबरठ्यावर खुर्ची आडवी लावली. ऐन गर्दीची वेळ. बाहेरचे खवळले. एकाने विचारलं, आम्ही काय उपाशी मरावं काय? वामन म्हणाला, "माझा बाप जेवून राहिला. ही पंगत उठली की तुमची बसवतो."

बाहेर थोडी कुजबुज झाली. मग एक म्हातारा हमाल ओट्यावर टेकत म्हणाला, "बसा गा सारे. बाप काय रोज येते?"

आत ते ऐकू आलं होतं. हात धुवायला निघालेला कापडवाला परत येऊन जागेवर बसला. खरेदीवाल्या बायकांनी पोरांना उठू दिलं नाही. एकेकाचं होत गेलं आणि बोलणं बंद होत गेलं. शेवटी उरला भंडाऱ्याकडचा एक जाडसर माणूस. त्याने नुकताच भात घेतला होता. सगळं टेबल आपल्याकडे पाहतंय हे कळल्यावर बिचारा घाईघाईने घास कोंबू लागला.

तेव्हा बाबा बोलले. मोठ्याने, ओसरीवर बोलत तसे.

"सावकाश होऊ द्या. काही घाई नाही."

हे वाक्य पाहुणा बोलत नाही. पंगतीत हे बोलायचा मान घरधन्याचा. वामन खुर्ची धरून उभा होता. त्याने तोंड रस्त्याकडे फिरवलं. निर्मलाने पदर डोळ्यांना लावला. त्या माणसाने मात्र सावकाश भात संपवला, वर कढीही मागितली. मग बाबांनी देवाचं नाव घेतलं, सगळ्यांनी साथ दिली आणि पंगत उठली.

मी चारधाम केलेला नाही, मोठी हॉटेलंही पाहिलेली नाहीत. पण माझ्या भावाने इतवारीच्या भर दुपारी आपलं दार अडवलं, ते मी पाहिलं आहे, आणि त्याची शान मला जन्मभर पुरेल.

घरी आल्यावर बाबा शेताच्या कामाला लागले. पाडवा जवळ आला तशी त्यांनी आपल्या वावरातल्या तुरीची डाळ उन्हात घातली, स्वतः निवडली आणि दोन पोती शिवून घेतली. पाडव्याच्या आदल्या सकाळी आम्ही ती एसटीच्या टपावर चढवली. कंडक्टर सामानाचं तिकीट फाडत म्हणाला की एवढी डाळ कोणाच्या लग्नाला चालली.

"लग्न नाही," बाबा म्हणाले. "इतवारीत माझ्या लेकाचं हॉटेल आहे. तू रोज तिकडं जातं ना? जेवत जा तिथं."