चंदनी साबणानं धुतलेलं वासरू

सासूबाईंच्या पेटीत चंदनाचा साबण असायचा, पाहुण्यांसाठी. मी नवी नवरी होऊन इंझोरीला आले, पण पाहुण्यांत माझी गणती नव्हती. मला साध्या लाल साबणाची वडी. त्या साबणावरून मी मनातल्या मनात किती भांडले असेन! आता त्या नाहीत, आणि भांडायला तसं तोलामोलाचं माणूसही उरलं नाही.

त्या वर्षी पिसाळलेलं कुत्रं गोठ्यात शिरलं आणि नुकत्याच जन्मलेल्या वासराच्या मागच्या पायाला चावलं. ह्यांनी शेलूबाजारच्या जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, लस घेऊन निघतो. तोवर हातात प्लास्टिकच्या पिशव्या घाला आणि जखम साबण लावून नळाखाली धूत राहा. रोग एकदा दिसायला लागला की मग औषध नाही.

सासूबाई धावत आत गेल्या आणि चक्क चंदनाचा साबण घेऊन आल्या. नुसता पाय नाही, अख्खं वासरू घासून काढलं. माझा जळफळाट झाला, खोटं कशाला बोलू.

डॉक्टरांनी पहिली लस टोचली, पुढच्या तारखा सांगितल्या. मग वासराला दूध प्यायला सोडलं, तर गाईनं हुंगलं आणि लाथ मारली. पुन्हा सोडलं, पुन्हा लाथ.

"याच्या अंगाचा वासच गेला," डॉक्टर म्हणाले. "आपलं हाय हे तिले समजूनच नाही राह्यलं. लस आपलं काम करीन, पन पोटात दूध नसन तर हे जगन कसं?"

सासूबाई मटकन खाली बसल्या. "म्याच मारलं याले."

त्यांचा तसा चेहरा मी कधी पाहिला नव्हता. माझा सगळा राग गेला. मग त्याच उठल्या. गाईच्या खालचा ओला कडबा वासराच्या पाठीवर चोळला, जखम सोडून वर मीठ आणि सरकीच्या ढेपेचा चुरा लावला. दिवस मावळता मावळता गाय मिठासाठी पुढं आली. चाटता चाटता तिनं पान्हा सोडला.

लसी वेळच्या वेळी झाल्या. शेवटची टोचून डॉक्टर गेले, तेव्हा गाय वासराची मान चाटत होती आणि सासूबाई समोर बसून बघत होत्या.

"चला, जेवून घ्या," मी म्हटलं.

"थांब जराशी. पाहू दे मले. माही माय मी रांगत होती तवाच गेली."