भाजलेल्या मातीतली वांगी

नोकरीवाल्यांच्या हातचं काही उगवत नाही, असं माझा मोठा भाऊ म्हणायचा. तो बोरी अरबला शेती करतो. मी यवतमाळला ऑफिसात जन्म काढला. निवृत्त झाल्यावर मी ठरवलं, आपल्या गच्चीवरची वांगी एकदा याच्या ताटात वाढायचीच.

गच्चीवर जाड प्लास्टिक अंथरून विटांचे वाफे केले. माती भावाच्याच वावरातली आणली. पण घरात मुंगी दिसली तरी फडकं घेऊन धावणारी मी. ती माती तशीच कशी वर नेणार? जुन्या कढईत थोडी थोडी घेऊन रव्यासारखी भाजून काढली. नवरा म्हणाला, "साखर केव्हा घालायची?" मी लक्ष दिलं नाही.

महिना झाला तरी रोपं वीतभरच, पानं पिवळी. भाऊ आला. माती भाजल्याचं ऐकून तो हसत खालीच बसला.

"तू त मातीतले सारे जीव मारून टाकले. आता खत कुजवीन कोण, अन् झाडाले खाऊ घालीन कोण?"

मला संताप आला, तो स्वतःचाच. शाळेत जिवाणूंच्या धड्यावर पैकीच्या पैकी मार्क घेतले होते मी.

मग मी हट्टाला पेटले. त्याच्या वावराच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, जिथे कधी फवारणी पोचली नाही, तिथल्या झाडाखालची मूठभर माती आणली. शेण, गोमूत्र, गूळ, बेसन आणि ती माती ड्रमात कालवून सकाळ-संध्याकाळ ढवळलं. नवरा खिडक्या लावून जेवू लागला. स्लॅबवर भार नको म्हणून वाफ्यांत आणखी माती न घालता सोयाबीनचं कुटार, म्हणजे मळणीनंतरचा भुसा, मिसळलं आणि ड्रमातलं पाणी त्यावर शिंपत राहिले. काही दिवसांनी कुटारावर पांढरे धागे पसरले. माती भुसभुशीत झाली, तिला रानाचा वास येऊ लागला. आणि वांगी! झाडं वाकतील इतकी लागली. मी गच्चीवर एकटीच मोठ्यानं हसले.

भावाला मुद्दाम जेवायला बोलावलं. आधी तो वर जाऊन आला, वाफ्यात कोपरापर्यंत हात घालून. मग खाली मान घालून भरीत-भाकरी खाऊ लागला. दुसऱ्या भाकरीला त्यानं मान वर केली.

"कुटार इतक्या लवकर कसं कुजवलं तू? माह्या वावरात त तसंच पडून राह्यते."

दादा मला शेतीतलं विचारत होता. मी लगेच सांगितलं नाही. आधी त्याला तिसरी भाकरी खायला लावली.