पॉलिक्सेनीचा भरदुपारचा दिवा

पॉलिक्सेनी माझी शेजारीण. शिवणकाम करायची, उपासाच्या दिवसांत तेलाचा थेंब पोटात जाऊ द्यायची नाही, आणि सूड घ्यायची. तिन्ही सारख्याच नेकीनं.

तिचा नवरा स्टामाटिस इथल्या शाळेत तत्त्वज्ञान शिकवायचा. ग्रीसमधल्या लष्करी राजवटीत त्यानं वर्गात सॉक्रेटिसाची एक गोष्ट सांगितली. अथेन्सच्या सत्तेवर तीस जुलमी बसले होते. त्यांनी सॉक्रेटिसासह पाच जणांना फर्मावलं, लेओन नावाच्या निरपराध माणसाला मारण्यासाठी धरून आणा. चौघे गेले. सॉक्रेटिस सरळ आपल्या घरी गेला. एवढं सांगून स्टामाटिसनं खडू खाली ठेवला. पण त्याच शाळेतला प्रोकोपिस मास्तर कोर्टात बायबलवर हात ठेवून म्हणाला, "तुम्हीही लष्कराचं ऐकू नका, असं यानं पोरांना सांगितलं. मी दाराशी उभा होतो." दाराशी कसला! तो तेव्हा खाली पटांगणात कवायत घेत होता. स्टामाटिसला बेटावरच्या कैदेत धाडलं. परत आला तो छाती पोखरूनच, आणि थोड्याच दिवसांत वारला. प्रोकोपिस मुख्याध्यापक झाला.

राजवट पडली तरी त्याला कुणी काही विचारलं नाही. पॉलिक्सेनीला मात्र एकच हवं होतं. आपण खोटी शपथ घेतली, हे त्यानं गावापुढं स्वतःच्या तोंडानं म्हणावं.

जुना तत्त्वज्ञ डायोजेनिस भर उन्हात पेटता दिवा घेऊन बाजारात खरा माणूस शोधायचा, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक. पॉलिक्सेनीनं देव्हाऱ्यातला दिवा उचलला आणि दुपारी चौकात गेली. प्रोकोपिस मित्रांबरोबर कॉफी पीत बसला होता. तिनं दिवा त्याच्या तोंडासमोर धरला, नीट पाहिलं, आणि पुढच्या टेबलाकडं वळली.

"काय वहिनी, सापडला का माणूस?" कुणीतरी हसून विचारलं.

"कुठला! इथं तर नुसत्या विजारी बसल्यात खुर्च्यांवर."

मग रोजच. मी म्हटलं, "अगं, देवापुढचा दिवा असा वैरापायी फिरवतात का?"

"देवाला दिव्याची गरज नाही अर्गिरो, त्याला सगळं दिसतंय. गावाला दिसत नाही. तेल आहे का घरात?"

मी बाटली भरून दिली. आमच्याच ऑलिव्हच्या झाडांचं तेल होतं.

प्रोकोपिस एकदा चिडून उठला. "शिकलेल्या माणसाची बायको तू! माणूस जाणूनबुजून वाईट वागत नाही, अज्ञानानं वागतो, हे सॉक्रेटिसच म्हणतो ना?"

"बरं मास्तर. तेव्हा अज्ञान होतं. आता कळलंय ना? मग बोला."

तो मटकन बसला. हळूहळू मित्रांनी टेबल बदललं, कारण दिवा त्यांच्याही तोंडावर यायचा. तरी शाळेनं वार्षिक समारंभाला सॉक्रेटिसावर बोलायला त्यालाच बोलावलं. पॉलिक्सेनी पहिल्या रांगेत दिवा मांडीवर घेऊन बसली. प्रोकोपिस सॉक्रेटिसाच्या खटल्यापर्यंत आला, "आणि आरोप करणारे..." म्हणाला आणि थांबला. पाणी प्याला, पुन्हा थांबला. शेवटी खाली उतरला. त्यानंतर चौकात यायचाच बंद झाला. पॉलिक्सेनी त्याच्या खिडकीखाली जाऊन उभी राहू लागली.

ईस्टरआधीच्या मोठ्या उपासाच्या आदल्या संध्याकाळी चर्चमध्ये आम्ही रांगेनं एकमेकांपुढं वाकतो. एकानं म्हणायचं, "मला क्षमा कर." दुसऱ्यानं म्हणायचं, "देव करो." दर वर्षी प्रोकोपिस पॉलिक्सेनीपुढं घाईनं पुटपुटायचा आणि ती विचारायची, "कशाची?"

"जे काही असेल त्याची."

"जे काही असेल ते देव बघेल. मला नाव घेऊन सांगा." आणि तो पुढं सटकायचा.

यंदा तो काठी टेकत आला. वाळून काटकी झालेला. तिच्यासमोर वाकला.

"कशाची?"

त्यानं मान वर केली नाही, पण आवाज मुख्याध्यापकाचा होता, पार मागच्या भिंतीपर्यंत गेला. "मी दाराशी नव्हतो. बायबलवर हात ठेवून खोटं बोललो. स्टामाटिसनं पोरांना तसलं काही सांगितलं नव्हतं."

पाद्रीबाबा पॉलिक्सेनीकडं बघत होते, आम्ही सगळेच बघत होतो. दोनच शब्द म्हणायचे होते.

"ऐकलं," ती म्हणाली.

आणि रांगेत पुढं सरकली. पुढं मी होते. गुडघे कुरकुरेपर्यंत ती माझ्यापुढं वाकली. "अर्गिरो, मला क्षमा कर."

"देव करो," मी म्हटलं.

तिच्यामागं प्रोकोपिस अजून वाकलेलाच होता.