शालूताईची दाढ

दाताच्या दवाखान्यात किस्से गोळा करावे लागत नाहीत. ते आपल्या पायांनी जिना चढून येतात, खुर्चीत बसतात आणि आ करतात. बी.ए. झाल्यावर मी उज्जैनच्या फ्रीगंजात आमच्या डॉक्टरांकडे नोकरीला लागले. पेशंटचं नाव विचारायचं, स्टोव्ह पेटवून हत्यारं उकळायची आणि घाबरायचं नाही, एवढंच काम. पहिल्या दोन गोष्टी मला जमल्या.

तिसरी पहिल्याच सकाळी बिघडली. दाढ काढण्याआधी डॉक्टर प्रत्येकाला एक प्रश्न विचारत, "लहानपणी सांधे सुजून ताप आला होता का?" तो ऐकला आणि माझ्या हातातला चिमटा खाली पडला. माझ्या थोरल्या बहिणीला, शालूताईला, तोच ताप आला होता. त्यात तिचं हृदय अधू झालं. देवास गेटच्या घरात तिचं लग्न जमलं तेव्हा हे कुणालाच सांगितलं नव्हतं. आईनं मला शपथ घातली होती, "तिच्या सासूच्या कानावर गेलं, तर पोरगी परत येईल."

आणि शालूताईच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं होतं.

*

एक हलवाई आले. सगळे दात हलत होते, हिरड्यांतून पू येत होता. डॉक्टरांनी तोंडात पाहिलं, मग पायाच्या अंगठ्याला बांधलेल्या चिंधीकडे पाहिलं.

"ये ज़ख़्म कब का है?"

"बरसात के पहले का है, साहब. सूखता ही नहीं."

"कल सुबह पेशाब लेकर आना."

हलवाई माझ्याकडे वळले. हळूच म्हणाले, "बेनजी, ये दाँत के ही डॉक्टर हैं ना?"

तपासणीत साखर निघाली. डॉक्टरांनी त्यांना नीट समजावलं. साखर वाढली की हिरड्या सडतात, आणि हिरड्यांत पू साचून राहिला की साखर उतरत नाही. दोघी एकमेकींचा हात धरून बसतात. तोंड म्हणजे काही शरीराबाहेरची ओसरी नव्हे.

हलवाई म्हणाले, "मतलब चाशनी मेरे अंदर ही बन रही थी. मैं दुकान पे फालतू लकड़ी जला रहा था."

*

तो सांध्यांचा प्रश्न कशासाठी, हे मला आमचा कंपाउंडर गेंदालाल यानं सांगितलं. कापसाचे बोळे करता करता सांगितलं, जसं काही कुणाच्या लग्नाचं सांगतोय.

एक शाळामास्तरीण होती, माझ्याच वयाची. किडलेली दाढ काढून घेतली आणि आठवड्याभरानं तिला बारीक ताप सुरू झाला. सगळे म्हणाले, मलेरिया. कुनैन झालं, काढे झाले, मंगळनाथाला नवस झाला. ताप हटेना. शेवटी मोठ्या दवाखान्यात नेलं, तेव्हा छाती तपासणाऱ्यानं ओळखलं. हिरडीतली घाण रक्तातून वाहत जाऊन हृदयाच्या झडपांवर बसली होती. धडधाकट हृदयावर ती टिकत नाही, पण हिच्या झडपा लहानपणच्या तापानं आधीच खरबरीत झालेल्या. दाढेच्या आधी पेनिसिलिन दिलं असतं, तर कदाचित वाचली असती.

"और वो दाढ़ किसने निकाली थी?" मी विचारलं.

गेंदालालनं आतल्या खोलीच्या पडद्याकडे पाहिलं. आत डॉक्टर हात धूत होते.

"तभी से पूछते हैं," तो म्हणाला.

मी त्या दिवशी सायकलरिक्शा करून थेट देवास गेटला गेले. शालूताई दारातच भेटली. मी कानात म्हटलं, "दाढ दुखली तर आमच्याकडेच ये. आणि विचारलं की खरं सांग." ती म्हणाली, "माई बरोबर असणार ना गं." माई म्हणजे तिच्या सासूबाई.

*

मध्य भारत राज्य जाऊन मध्य प्रदेश आला. हापिसं भोपाळला हलायला लागली आणि गावातल्या मराठी कारकुनांना नाना आजार झाले. एक हेडक्लार्क गुडघे धरत जिना चढले आणि म्हणाले, "सगळे काढा."

"काय सगळे?"

"दात. इंदूरला एकानं सांगितलं, दातांतलं विष गुडघ्यात उतरतं. दात गेले की गुडघा मोकळा."

डॉक्टरांनी एकेक दात ठोकून पाहिला. "असं मानणारे डॉक्टर आहेत. लोकांची तोंडं रिकामी केली त्यांनी, गुडघे तसेच राहिले. तुमचे दात चांगले आहेत. थोडा पायोरिया आहे, तो साफ करू."

"मग गुडघे कशानं दुखतात?"

"बदलीची ऑर्डर कधी आली?"

हेडक्लार्कांनी टोपी काढली, पुन्हा घातली. "मग डॉक्टर," ते म्हणाले, "भोपाळ काढता येईल का?"

*

आमच्या मराठी घरांतली सून दवाखान्यात कधी एकटी येत नसे. खुर्चीत सून बसायची आणि बोलायची सासू.

"कुठली दाढ दुखते?"

"डावीकडची," सासूबाई सांगायच्या. सून उजवा गाल धरून बसलेली.

"रात्री ठणकते का?"

"छे, शांत झोपते."

सुनेच्या डोळ्यांखाली ही काळी वर्तुळं.

डॉक्टरांनी यावर एक उपाय शोधला होता. सासूबाईंकडे निरखून बघायचे आणि म्हणायचे, "तुमचाच चेहरा उतरलेला दिसतोय. हे जिभेखाली धरा, मी सांगेपर्यंत तोंड उघडू नका." सासूबाईंच्या तोंडात थर्मामीटर गेला की सून बोलायला मोकळी. एकदा तर सुनेचं बोलून झालं, दाढ निघाली, चुळा भरून झाल्या, तरी सासूबाई तोंड मिटून बसलेल्याच. गेंदालाल म्हणाला, "साहब, माँजी को भी छुट्टी दे दो, घर जाके खाना बनाना है."

सगळे हसले. मी मनात म्हटलं, शालूताई येईल तेव्हा हेच तिला वाचवेल.

*

ती सोमवारी आली. गाल सुजून डोळा बारीक झालेला. मागे माई, डोक्यावर पदर, हातात बेलाची पानं.

डॉक्टरांनी थर्मामीटर झटकला. "माई, तुमचा चेहरा जरा..."

"माझा चेहरा असाच आहे," माई म्हणाल्या. "आणि सोमवार आहे माझा. कुणाकुणाच्या तोंडातलं ते, मी नाही घेणार."

डॉक्टरांनी तो ठेवून दिला. शालूताईच्या तोंडात आरसा धरला. दाढेच्या मुळाशी पू, हिरडी जांभळी. "ही आजच काढावी लागेल. आधी सांगा, लहानपणी सांधे सुजून ताप आला होता? आला असेल तर पेनिसिलिन आधी, दाढ मागाहून."

शालूताईनं माईंकडे पाहिलं. मग मान हलवली. नाही.

"नक्की?"

पुन्हा मान हलली. नाही.

"बरं." डॉक्टरांनी हिरडीत सुई दिली, ती बधिर व्हायची वाट पाहिली, आणि माझ्याकडे न बघता हात पुढे केला. "पक्कड."

पक्कड माझ्या हातात होती. देता येईना.

"द्या."

"थांबा," मी म्हटलं.

"का? उकळली नाही का?"

"उकळली."

"मग?"

शालूताई माझ्याकडे बघत होती. नको, नको, असं डोळ्यांनी सांगत होती. स्टोव्ह फुरफुरत होता. मला ती मास्तरीण दिसत होती आणि आईही दिसत होती.

माईंनी बेलाची पानं ओटीत ठेवली आणि पदर सारखा केला.

"डॉक्टर, ते पेनिसिलिन आधी द्या तिला. आला होता ताप. सांध्यांचाच."

शालूताई खुर्चीत ताठ झाली. बधिर ओठांनी कसंबसं म्हणाली, "माई, तुम्हाला कुणी सांगितलं?"

"उज्जैन केवढंसं आहे गं?" माई म्हणाल्या. "नळ खाली, स्वयंपाकघर दुसऱ्या माळ्यावर. तू घरात आल्यापासून पाण्याच्या कळशा मी वर नेते. तुला काय वाटलं, हौस आहे मला?"